भिंतीवरच्या खोल्या

१

सूनबाईचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. सहलीला निघाला की घरच्या माणसांनाही तो वर्गातली पोरं समजायला लागायचा. हॉटेलच्या खोलीच्या दारात उभं राहून हजेरी चालायची. "पाण्याची बाटली? छत्री? आईच्या कानाच्या मशीनचे सेल?" समुद्र बघून झाला होता, डोंगर बघून झाले होते, म्हणून यंदा त्याने कला हा विषय घेतला होता. मोठ्या शहरातली थोड्या दिवसांची सुट्टी, आणि तीही सगळी चित्रांच्या दालनांतून.

"भिंतीवरची चित्रं बघायला एवढ्या लांब यायचं?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्याकडे कॅलेंडर आहे की."

सूनबाई हसली. सासूबाईंचं हे बोलणं अख्ख्या मजल्याने ऐकलं असणार. छापखान्यात बांधणी विभागात त्यांचा जन्म गेला होता, यंत्रांच्या धडधडाटात कान गेले होते, आणि आवाज मात्र त्या धडधडाटाच्या वर चढवायची सवय तशीच राहिली होती. सूनबाईचा धंदाच कानांचा. लोकांचे कान तपासायचे आणि त्यांना मशीन बसवून द्यायचं. "घरची म्हणून मला मशीन फुकट," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आणि घरची म्हणूनच मी हिचं ऐकत नाही."

संग्रहालयात त्यांनी धमाल उडवून दिली. एका सरदाराच्या चित्रासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "याला बूट चावतोय. तोंड बघ." एका उभ्या बाईकडे बघून म्हणाल्या, "हिला कुणी बस म्हटलं नाही वाटतं." कोपऱ्यातल्या पहारेकऱ्याने डोळे वटारले, नवऱ्याने आईला ओढत पुढच्या दालनात नेलं.

तिथे एक लहानसं चित्र होतं. जेवायच्या ताटाएवढं. एका घरातली खोली. करडी भिंत, एक रिकामी खुर्ची, जमिनीवर उन्हाचा तुकडा, आणि मागे अर्धवट उघडं दार. दारापलीकडे दुसरी खोली, आणि तिच्या पलीकडे बहुधा तिसरी. माणूस कुठेच नाही. पाटीवर लिहिलं होतं की हा चित्रकार आयुष्यभर आपल्याच घरातल्या खोल्या रंगवत बसला होता.

सासूबाई काहीतरी बोलतील म्हणून सूनबाई वाट बघत राहिली. त्या बोलल्या नाहीत. मान थोडी कलती करून उभ्या राहिल्या. नवऱ्याने हाक मारली, सूनबाईने हाताला धरलं, तेव्हा निघाल्या. निघताना चित्राकडे बघून त्यांनी किंचित मान डोलावली. कुणाच्या घरून निघताना यजमानीणबाईला बघून डोलावतो, तशी.

२

दुसऱ्या दिवशी त्याच चित्रकाराचं एक नवं प्रदर्शन होतं. शहरभर त्याची जाहिरात लागली होती. 'चित्राच्या आत चला.' जुन्या गोदामाचा मोठा हॉल, आत मिट्ट काळोख, आणि चारी भिंतींवर आणि जमिनीवर प्रकाशाने पाडलेली चित्रं. कालची ताटाएवढी खोली आज दोन मजले उंच झाली होती. लोक गाद्यांवर लोळून बघत होते. पोरं जमिनीवरच्या उन्हाच्या तुकड्यावर उड्या मारत होती. संगीत इतकं मोठं की छातीत वाजत होतं.

सासूबाईंच्या मशीनने शिट्टी घातली. त्यांनी वैतागून दोन्ही मशीनं काढली आणि सूनबाईच्या हातात कोंबली.

"घे बाई. डोकं फुटायची वेळ आली."

सूनबाईने ती बंद करून डबीत ठेवली. आता सासूबाईंच्या कानाशी कुणी ढोल वाजवला असता तरी त्यांना जेमतेम थरथर कळली असती. त्यांच्या कानांना किती ऐकू येतं त्याचा आलेख सूनबाईला तोंडपाठ होता. त्या बाकावर शांत बसल्या, सूनबाई शेजारी, आणि नवरा भिंतीलगत फिरून फोटो काढत होता.

भिंतीवर एकामागून एक खोल्या येत होत्या. पडदा हलायचा. उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगायची. मग ती कालची खोली आली. करडी भिंत, खुर्ची, अर्धवट दार.

सासूबाईंनी चटकन मान वळवली. स्वयंपाकघरातून कुणी हाक मारली की वळवतो तशी.

"आले हं," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

सूनबाईला आधी वाटलं, बाथरूमला जायचं असेल. पण त्या सरळ भिंतीकडे निघाल्या. गाद्यांवरच्या लोकांचे पाय चुकवत, कुणाच्या तरी घरात शिरल्यासारख्या, अंगावरचा स्वेटर नीट करत. सूनबाईने धावत जाऊन दंड धरला तेव्हा त्यांचा हात भिंतीवरच्या दाराला लागायला वीतभर अंतर राहिलं होतं.

"आई, कुठे निघालात?" तिने त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं. ओठ बघून त्यांना थोडंफार समजायचं.

"बोलावलं ना तिने," सासूबाई म्हणाल्या. आणि नवल म्हणजे, हळू आवाजात म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्या कधी इतक्या हळू बोलल्या नव्हत्या. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो तोच माणूस इतकं बेताचं बोलू शकतो.

३

"मला कळत नाही यात घाबरण्यासारखं काय आहे," हॉटेलवर नवरा म्हणाला. सासूबाई खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. "आईला आयुष्यात पहिल्यांदा एखादं चित्र आवडलंय. उद्या पुन्हा जायचं म्हणतेय. बक्षीस द्यायला हवं तिला."

"मी घाबरलेली नाही."

"मग?"

सूनबाईने त्याला शांतपणे समजावून सांगितलं. खरं म्हणजे स्वतःलाच सांगितलं. कान बंद पडले की मेंदूला रिकामं बसवत नाही. मग तो आतल्याआत गाणी वाजवतो, हाका मारतो. तिच्याकडे येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना असले भास व्हायचे. एका आजोबांना रोज दुपारी बँडबाजा ऐकू यायचा. त्यात भुताटकी नाही आणि वेडही नाही.

"झालं तर," नवरा म्हणाला. "सुटलं कोडं."

सुटलं होतंच. फक्त एक गोष्ट तिच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकली होती. आजोबांचा बँडबाजा आजोबा कुठेही गेले तरी वाजायचा. सासूबाईंना मात्र ती खोली भिंतीवर आल्यावरच ऐकू आलं होतं.

ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आई, कोण बोलावतं?"

"आहे एक बाई. सभ्य आहे. बसा म्हणते, चहा घ्या म्हणते. घरात कोणकोण असतं तुमच्या, म्हणून विचारते. सारखं तेच विचारते."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत सून लहान मुलासारखी झाली.

"मी काय सांगणार? विषय बदलला," त्या म्हणाल्या.

४

दुसऱ्या खेपेला सूनबाई तयारीने गेली. पिशवीत कामावरचे फोमचे बोळे होते. कान पक्के बंद करणारे. तिचा विचार अगदी सरळ होता. आपणही कान बुजवून त्याच बाकावर बसायचं. जमिनीतून थरथर येत असेल, संगीताचा एखादा खालचा सूर हाडांतून चढत असेल आणि तो हाकेसारखा वाटत असेल, तर ते आपल्यालाही जाणवेल. मग नवऱ्याला सांगायचं आणि स्वस्थ व्हायचं.

खोल्या येऊ लागल्या. तिने बोळे चिमटीत दाबून बारीक केले आणि कानांत सरकवले. ते हळूहळू फुगले, आणि संगीत दूर गेलं, दारामागे गेलं, रस्त्याच्या पलीकडे गेलं. राहिला तो फक्त स्वतःच्या रक्ताचा सूं सूं आवाज. मग ती खोली भिंतीवर आली.

आणि कपात चमचा फिरला.

जवळ. हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ. मग जमिनीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज. लाकडी जमीन असणार, सूनबाईच्या मनात आलं, आणि लगेच आलं की ह्या हॉलची जमीन सिमेंटची आहे.

मग कुणीतरी बोललं. शब्द कळले नाहीत. बाईचा आवाज होता, आर्जवी, आणि वाक्याच्या शेवटी वर चढणारा. प्रश्न होता तो. कुणीतरी काहीतरी विचारत होतं, आणि विचारताना ते तोंड सासूबाईंकडून हळूच आपल्याकडे वळलंय, असं सूनबाईला आवाजावरून कळलं. कान तपासणाऱ्या माणसाला एवढं कळतं.

तिने सासूबाईंकडे बघितलं. त्या भिंतीकडे बघून बोलत होत्या. आवाज तिला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ओठ वाचायची तिला सवय होती.

'तिला कामं असतात,' ओठ म्हणाले. 'मी बसलेय ना.'

सूनबाईने बोळे उपटून काढले. संगीत अंगावर कोसळलं. भिंतीवरचं दार कालच्यापेक्षा जास्त उघडं होतं. फार नाही, हाताच्या पंजाएवढं. त्या फटीत पिवळसर उजेड होता, आणि दाराच्या कडेला खालच्या अंगाला काळ्या कापडाची एक पट्टी दिसत होती. झग्याचा घेर असावा तशी. तिने नीट बघायला डोळे बारीक केले तोवर खोली विरघळली आणि तिच्या जागी पडदा हलू लागला.

बाहेर पडताना तिने दाराशी उभ्या असलेल्या मदतनीस मुलीला गाठलं. "त्या करड्या खोलीतलं दार किती उघडतं हो?"

"दार?" मुलगी हसली. "दार नाही उघडत, मॅडम. त्या चित्रात फक्त धूळ हलते."

५

सुट्टी संपली. घरी आल्यावर सगळं आपोआप जागेवर येईल असं सूनबाई धरून चालली होती. घर मात्र जागेवर आलं नाही.

सासूबाईंनी मशीनं डबीतून काढलीच नाहीत. "नको गं, त्याने गर्दी होते," म्हणाल्या. आणि त्या बोलू लागल्या. आधीही बोलायच्याच, पण ते घरच्यांशी. आता त्या आपल्या खोलीत, दाराकडे पाठ करून खुर्चीत बसायच्या आणि समोरच्या कपाटाकडे बघत, त्याच नव्या हळू आवाजात, बोलत राहायच्या. लहानपणीच्या गोष्टी. छापखान्यातल्या गमती. सासऱ्यांनी लग्नाआधी पाठवलेलं पत्र कसं चुकून शेजारणीला मिळालं, ते. गोष्टी संपल्या की पुन्हा पहिलीपासून. मध्ये कुठे उसंत नाही. घास गिळतानासुद्धा हाताने 'थांब हं, सांगते' अशी खूण.

मात्र एक होतं. ह्या सगळ्या गोष्टींत मुलगा नव्हता, सून नव्हती. जणू त्यांना मूलबाळ झालंच नव्हतं. सूनबाईने दाराशी उभं राहून पुष्कळदा ऐकलं. गोष्ट मुलाच्या जन्मापाशी आली की सासूबाई तिला अलगद वळण द्यायच्या.

त्यांचा आवाज बसला. डॉक्टरांनी चघळायच्या गोळ्या दिल्या, झोपेचं औषध दिलं. औषध त्यांनी कुंडीत ओतलं. गालाची हाडं वर आली.

"आई, पुरे झालं!" नवरा एकदा ओरडला. शाळेत पेपर तपासून तो आधीच कावला होता. "कोण आहे तिथे? कोणाशी बोलतेस?"

सासूबाईंनी बोट ओठांवर ठेवलं. मुलाच्या पार मागे, बैठकीच्या खोलीकडे बघत त्यांनी मोठ्याने, ठणकावून सांगितलं, "पेपरवाला आहे हो. गेला, गेला."

नवरा स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला आणि तोंडावरून हात फिरवत म्हणाला, "मला ओळखत नाही गं ती. आपल्या आईने आपल्याला पेपरवाला म्हणायचं."

सूनबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. वय झालं की होतं असं, ती म्हणाली. म्हणताना तिला सासूबाईंची मघाची नजर आठवत होती. ती विसरलेल्या माणसाची नजर नव्हती. तसली नजर तिने एकदाच बघितली होती, एका बाईची, जिचं पोर रस्त्यावर भटक्या कुत्र्यासमोर उभं होतं.

पण असल्या गोष्टीवर विश्वास ठेवून माणसाने वागायचं कसं? तिने ठरवलं, कान पुन्हा तपासायचे. आलेख कागदावर आला की तो नवऱ्यासमोर ठेवायचा, मेंदूच्या डॉक्टरांसमोर ठेवायचा. कागदावर आलेली गोष्ट निदान धरता येते.

६

रविवारी दुपारी दवाखाना बंद असतो. सूनबाईने कुलूप उघडलं, नवरा बाहेरच्या प्रतीक्षेच्या खोलीत मासिक घेऊन बसला, आणि ती सासूबाईंना आत घेऊन गेली.

आतली तपासणीची खोली म्हणजे खोलीत उभी केलेली दुसरी खोली. जाड दार, भिंतींना मऊ अस्तर, एक खुर्ची, आणि दुहेरी काचेची छोटी खिडकी. खिडकीच्या अलीकडे सूनबाईचं यंत्र. आत बसणाऱ्याने कानांवर हेडफोन घालायचे आणि आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. बटण दाबलं की यंत्रावर हिरवा दिवा लागतो.

सासूबाई उंबऱ्यात थांबल्या. आत बघून त्यांनी विचारलं, "हे दार नीट लागतं ना गं?"

"हो."

"आतलं बाहेर काही जात नाही?"

"काही नाही, आई. बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. त्यांनी सूनबाईच्या गालाला हात लावला. असलं काही करायची त्यांना सवय नव्हती. "मग ठीक आहे. लाव. आणि घाई करू नकोस, मी बसते निवांत." आत जाताना त्या दारात जराशा बाजूला सरकल्या, कुणाला तरी आधी वाट दिल्यासारख्या.

सूनबाईने दार लावलं, खटका ओढला, यंत्रापाशी बसली. काचेपलीकडे सासूबाईंनी हेडफोन चढवले होते. तिने आधी पेन शोधलं, कागद लावला. अजून एकही आवाज तिने सोडला नव्हता.

हिरवा दिवा लागला.

तिला वाटलं, चुकून दाबलं गेलं. दिवा विझला, पुन्हा लागला. मग थांबून थांबून लागत राहिला. समोरचा बोलत असताना आपण 'हं' म्हणतो ना, त्या लयीत. सूनबाईने यंत्राची तार तपासली. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. दिवा लागत होता.

तिने काचेतून बघितलं. सासूबाईंचे ओठ भराभर हलत होते. गोष्ट छापखान्याची होती, तिला तुकडे कळत होते. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, कपाळावर घाम आला होता. आणि त्यांच्या मागे, जिथे खोलीला नुसती अस्तराची भिंत आहे, तिथे एक उभी पिवळसर रेघ होती. उजेडाची. फट असते तशी. त्या फटीशी काळ्या कापडाचा घेर होता, आणि त्याच्या वर, सासूबाईंच्या खांद्यापासून अगदी जवळ, ऐकण्यासाठी वाकलेलं काहीतरी फिकट.

सूनबाई उठली तशी खुर्ची मागे पडली. सासूबाईंनी तिला बघितलं. त्यांनी हात वर केला, पंजा काचेकडे धरला, आणि ओठ हलले. इतक्या घाईत हलले की तिला शब्द लागला नाही. 'उघड' होता की 'उघडू नको' होता, हे तिला नंतरही कधी सांगता आलं नाही. समोर म्हातारं माणूस गुदमरत असताना कोण विचार करत बसतं?

तिने खटका मागे घेतला आणि जाड दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं.

आत अस्तराची भिंत होती. खुर्ची होती. खुर्चीत सासूबाई होत्या, एकट्या, हेडफोन गळ्यात. बटण हातातून सुटून तारेवर लोंबकळत होतं. सूनबाईच्या कानांवरून थंड वारं गेल्यासारखं झालं, आणि तिच्या पाठीमागे, यंत्राच्या खोलीत, जी ती रोज झाडायची आणि जिथे फरशी आहे हे तिला ठाऊक होतं, लाकडी फळ्यांवर वाजावीत तशी पावलं वाजली.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्या गप्प होत्या. मग आपल्या जुन्या, मोठ्या, बहिऱ्या आवाजात, रडू आवरत म्हणाल्या,

"अगं, दार कशाला उघडलंस? इतके दिवस मी तिला बोलण्यात गुंतवून ठेवली होती."

बाहेर मासिक मिटल्याचा आवाज झाला. शाळेत पालक भेटायला आले की नवरा ज्या आदबीने बोलायचा, त्याच आदबीने तो कुणाला तरी म्हणत होता,

"छे छे, अडचण कसली? बसा ना. घरात ना, आम्ही तिघंच."